बास ड्रम धरा, पायऱ्या जपून

दोन्ही हातांनी धरा, एक खालून, एक वरून. केस दिसते तितकी जड नाही, पण तिचा घेर एवढा आहे की पुढचं काही दिसत नाही आणि तुम्हाला पायऱ्या उतरायच्या आहेत. पायरी आधी पायानं चाचपा, मग वजन टाका. मागून दुसरा बास ड्रम येतोय. हो, दोन आहेत. ज्याचे हे ड्रम, त्या मुलाला दोन्ही पायांनी वाजवायचं असतं, म्हणून तुमच्या खेपाही वाढल्या.

साल 1983, जुलैचा शेवटचा आठवडा. तिकडे घरी कपिल देवच्या संघानं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलून महिना झालाय. इथं न्यू जर्सीत त्याचा कुणाला पत्ता नाही. हवा मात्र ओळखीची वाटेल. अटलांटिकच्या बाजूचा उन्हाळा दमट असतो, शर्ट पाठीला चिकटतो आणि रात्र झाली तरी घाम आटत नाही. तुमच्या खिशातला फोन इथं चालणार नाही, तो तसाच राहू द्या. दुसऱ्या खिशात कानात घालायचे बोळे आहेत ना? तेवढे हाताशी ठेवा.

ज्यांचं सामान तुम्ही उचलताय त्या बँडचं नाव मेटालिका. सोमवारी, 25 तारखेला, त्यांची पहिली तबकडी बाजारात आली: 'किल एम ऑल', दहा गाणी, एक्कावन्न मिनिटं. बुधवारी, 27 तारखेला, न्यू ब्रन्सविक गावातल्या रॉयल मॅनरमध्ये दौऱ्याचा पहिला कार्यक्रम. ड्रमर लार्स उलरिक, वय 19, जन्म डेन्मार्कचा. हा दौरा कसा उभा राहिला हे बघायचं तर तुम्हाला या बुधवारच्या चार महिने मागं जावं लागेल. केस खाली ठेवा आणि चला.

मार्च संपत आलाय. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एल सेरिटो गावातल्या एका लहान घरासमोर यू-हॉल कंपनीचा भाड्याचा ट्रक उभा आहे. न्यू जर्सीतल्या जॉन झझुला नावाच्या माणसानं दीड हजार डॉलर पाठवलेत आणि या म्हटलंय. तो आणि त्याची बायको मार्शा ईस्ट ब्रन्सविकच्या बाजारात तबकड्या विकायचं दुकान चालवतात. या पोरांची 'नो लाइफ टिल लेदर' नावाची कॅसेट हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत पोचली आणि ऐकताक्षणी त्यांनी ठरवलं की यांना आपणच उभं करायचं. देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचं अंतर साडेचार हजार किलोमीटरांहून जास्त. ट्रकच्या मागच्या भागात अँप्लिफायर, ड्रम, गाद्या आणि माणसं. वायोमिंग राज्यात रस्त्यावर न दिसणारं बर्फ साचलंय. तिथं ट्रक घसरतो. आतली माणसं वाचतात, सामान वाचतं, प्रवास पुढं सुरू.

त्या ट्रकमधल्या बँडच्या चौघांपैकी एकाला हा प्रवास उलटा करावा लागणार आहे. गिटारवाला डेव्ह मस्टेन. पिणं आणि भांडणं यांनी बाकीच्यांचा धीर संपत आलाय. 11 एप्रिलच्या सकाळी त्याला उठवून सांगतात की तू बँडमध्ये नाहीस, आणि लॉस एंजेलिसच्या बसमध्ये बसवून देतात. चार दिवसांची बस. त्यानं पुढं मेगाडेथ हा बँड उभा केला हे तुम्हाला माहीत आहे, पण आज त्या बसच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला ते माहीत नाही. त्याच्या जागी सॅन फ्रान्सिस्कोहून कर्क हॅमेट येतो आणि 16 एप्रिलला डोव्हर गावात मंचावर उभा राहतो. पाच दिवस! गिटारवाला बदलला की ड्रमरलाही अर्धा सराव नव्यानं करावा लागतो. नवा माणूस कुठं श्वास घेतो, कुठं किंचित घाई करतो, हे अंगात मुरायला वेळ लागतो. तो वेळ कुणी दिलेला नाही.

आता न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जमेका वस्तीत या. म्युझिक बिल्डिंग नावाची जुनी इमारत, खोल्याखोल्यांतून बँडचे सराव. आपली मंडळी इथंच सराव करतात आणि इथंच जमिनीवर झोपतात. गरम पाणी नाही. अँथ्रॅक्स नावाचा बँड याच इमारतीत सराव करतो. त्या पोरांनी यांना थंड हॉटडॉग खाताना पाहिलं आणि एक छोटा फ्रिज आणि एक टोस्टर ओव्हन आणून दिला. आंघोळीला आपल्या घरी नेलं. दोन्ही बँड पुढं जगभर गाजले, एकाच पंगतीत मोजले गेले, पण त्यांच्या नात्याची सुरुवात या टोस्टरपासून आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. या संगीताचा आवाज इतका उग्र की बाहेरच्या माणसाला त्यामागची माणुसकी दिसतच नाही.

रात्री तुम्हालाही इथंच झोपायचंय. ड्रमच्या खाली अंथरायचा गालिचा आहे ना, तो आत्ता कुणाच्या तरी पाठीखाली आहे.

मे महिन्यात सगळे रॉचेस्टरला जातात, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात. म्युझिक अमेरिका स्टुडिओ. 10 ते 27 मे, एवढ्यात सगळी तबकडी ध्वनिमुद्रित करायची. झझुला दांपत्याला कुठली कंपनी पैसे द्यायला तयार झाली नाही, म्हणून त्यांनी स्वतःची मेगाफोर्स कंपनी काढली आणि घर गहाण टाकलं. त्यामुळे इथं प्रत्येक तासाची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे.

स्टुडिओ जुन्या वास्तूच्या तळघरात आहे आणि वर नाचाचा मोठा हॉल. ड्रम त्या हॉलमध्ये लावलेत, कारण उंच छताच्या मोकळ्या जागेत ड्रमचा आवाज भरून येतो. बाकीची मंडळी खाली. म्हणजे लार्स वर एकटा, आणि रात्री त्या हॉलमध्ये एकट्यानं वाजवायला तो घाबरतो. सिंबल आपोआप फिरतात, जागा झपाटलेली आहे, असं त्याचं म्हणणं. कुणीतरी सोबत बसावं म्हणून तो मागं लागतो. आज तुम्ही बसा. भिंतीला टेकून, ड्रमपासून दहा पावलं लांब. आणि हो, ते बोळे आता कानात घाला.

तो 'व्हिपलॅश' वाजवतोय. लय मिनिटाला दोनशेच्या आसपास. उजव्या हाताची काठी हाय-हॅट या जोडसिंबलवर प्रत्येक मात्रेला दोनदा पडते, म्हणजे मिनिटाला चारशे वेळा. पहिल्या मिनिटाला गंमत वाटते. दुसऱ्या मिनिटाला हातात कोपराखाली रक्त साचल्यासारखं होतं, स्नायू टणक होतात आणि काठीची पकड आपोआप घट्ट होते. पकड घट्ट झाली की मनगट अडतं. मनगट अडलं की माणूस खांद्यातून मारायला लागतो आणि मग लय मागं पडते. ही साखळी तोडायची तर भर वेगात हात सैल सोडावा लागतो, आणि तीच गोष्ट एकोणिसाव्या वर्षी सुचत नाही. नवखा ड्रमर अशा वेळी श्वाससुद्धा रोखून धरतो. तुम्हीही आत्ता रोखून धरलाय, सोडा.

लार्स चुकतो. थांबतो. पुन्हा सुरू करतो. मी हे लपवणार नाही: 1983 सालचा लार्स उलरिक पट्टीचा ड्रमर नाही. याच वर्षी लॉस एंजेलिसजवळ स्लेअर नावाच्या बँडमध्ये डेव्ह लोम्बार्डो वाजवतोय, हवानात जन्मलेला, लार्सहून वर्षभरानं लहान, आणि त्याच्या हातापायांत जे आहे ते लार्सकडे आज नाही. पण त्याची एक गोष्ट वेगळी आहे. इतर बँडमध्ये ड्रमर बास गिटारवाल्याकडे कान ठेवतो. लार्सचे डोळे आणि कान दोन्ही बँडचा दुसरा गिटारवाला जेम्स हेटफील्डच्या उजव्या हातावर असतात. गिटारच्या तारेवर तो हात खाली आला की याचा ठोका पडतो. त्यामुळे गिटार आणि ड्रम मिळून एकच यंत्र चालल्यासारखं ऐकू येतं. ही पद्धत कुणी शिकवलेली नाही. एका घरात राहून, एका खोलीत तासन् तास वाजवून ती तयार झालीय, आणि माझ्या मते या तबकडीचं निम्मं बळ तिच्यात आहे.

मग हा मुलगा इथवर आला कसा? त्याचे वडील टॉर्बेन उलरिक म्हणजे डेन्मार्कतर्फे डेव्हिस कप खेळलेले टेनिसपटू, शिवाय जॅझचे जाणकार. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन हे लार्सचे धर्मपिता. लार्स नऊ वर्षांचा असताना वडिलांबरोबर कोपनहेगनला डीप पर्पल या रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेला आणि त्याचं संगीतच बदललं. पुढं आजीनं लुडविगचे ड्रम घेऊन दिले. 1980 साली कुटुंब कॅलिफोर्नियाला आलं ते टेनिससाठी, पण रॅकेट मागं पडली. 1981 च्या उन्हाळ्यात हा सतरा वर्षांचा पोरगा एकटा विमानानं इंग्लंडला गेला, डायमंड हेड नावाच्या आवडत्या बँडला मंचामागं जाऊन भेटला आणि काही आठवडे त्यांच्याकडेच राहिला. ते गाणी कशी बांधतात, सामान कसं हलवतात, कार्यक्रम कसे ठरवतात, हे सगळं त्यानं डोळ्यांनी टिपलं.

हेटफील्ड त्याला सापडला तो वर्तमानपत्रात दिलेल्या जाहिरातीतून. ब्रायन स्लेगल हा मित्र नव्या बँडच्या गाण्यांची एकत्र तबकडी काढतोय असं कळल्यावर लार्सनं आपल्या बँडसाठी जागा मागून घेतली. तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता. जागा मिळाली, मग बँड झाला. क्लिफ बर्टनसारखा बासवाला आपल्याकडे हवा म्हणून अख्ख्या बँडनं लॉस एंजेलिस सोडलं, कारण क्लिफनं अट घातली होती की तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोकडे या. पत्रं, फोन, कॅसेट पाकिटात घालून पाठवणं, कोण कुठं काय छापतो याची खबर ठेवणं, हे सगळं लार्स करतो. ड्रमर मंचावर सगळ्यांत मागं बसतो म्हणून लोक त्याला शेवटचा समजतात. या बँडला पुढं ओढणारा माणूस तिथंच बसलाय. मला तुम्हाला दाखवायचं होतं ते एवढंच, आणि ते दिसायला मंचासमोर उभं राहून भागत नाही. सामान उचलावं लागतं.

परत जुलैत या. दौरा दोन दिवसांवर.

ड्रमरची तयारी हातापासून सुरू होते. लार्सच्या तळव्याकडे बघा. बोटांच्या मुळाशी घट्टे, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फुटून सुकलेला फोड. गणपतीच्या आधी पुण्यात नदीकाठच्या सरावात ताशेवाल्याच्या बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी तुम्ही पाहिली असेल, तीच ही पट्टी. फोड फुटला म्हणून कार्यक्रम थांबत नाही. पट्टी घामानं सुटते, काठी निसटते, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये कोरडा टॉवेल हाताशी लागतो. तो टॉवेल विसरू नका. पायाचं दुखणं वेगळं. टाच उचलून चवड्यावर जोर देऊन पेडल मारायचं म्हणजे नडगीच्या पुढचा स्नायू पेटतो. शिवाय दोन्ही पाय हवेत असले की शरीराचा सगळा तोल कमरेवर येतो, म्हणून स्टुलाची उंची बोटभर इकडेतिकडे झालेली चालत नाही.

आता ड्रम. ड्रमवरचं पान पूर्वी वासराच्या कातड्याचं असायचं. आपल्या ढोलकीसारखंच ते दमट हवेत उतरायचं आणि कोरड्या हवेत ताणलं जायचं. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात मायलर प्लास्टिकची पानं आली आणि ड्रमरची त्या जाचातून सुटका झाली. आज न्यू जर्सीच्या घामट रात्री आणि पुढं दक्षिणेतल्या उन्हात हेच ड्रम वाजणार आहेत, ते या प्लास्टिकच्या जोरावर. तरी पान बदलावं लागतंच. जोरात वाजवणाऱ्याच्या स्नेअर ड्रमला मध्यभागी खळगा पडतो आणि आवाज मरतो. नवं पान चढवताना एक स्क्रू पिळलात की लगेच शेजारचा पिळू नका, बरोबर समोरचा घ्या. मग त्याच्या काटकोनातला. असं फिरत गेलात तर ताण सगळीकडे सारखा बसतो. चावी खिशात ठेवा, ती हरवली तर या गावात रात्री दुसरी मिळणार नाही.

सिंबलच्या मधल्या भोकात रबरी नळी आणि खाली-वर नमद्याच्या चकत्या बसवायच्या. त्या विसरल्या तर धातूवर धातू घासून सिंबलला चीर जाते, आणि सिंबल महाग. मग गालिचा. हा नसेल तर जोरजोरात पेडल मारता मारता बास ड्रम पुढं पुढं सरकत जातो आणि ड्रमर त्याच्या मागं. गालिच्यावर प्रत्येक पायाची जागा चिकटपट्टीनं आखून ठेवा. एकदा आखलं की रोज नव्या मंचावर, अंधारात, घाईत, ड्रम त्याच जागी बसतात. ड्रमरचे हात अंतर पाठ करतात. टॉम ड्रम दोन बोटं लांब गेला तरी हात हुकतो.

काठ्या मोजा. फुटतात त्या, भरपूर लागतात. दोन्ही पेडलच्या स्प्रिंगा, जादा पट्टा, वॉशर, फुलपाखरू नट, तेल. सगळं एका पेटीत, आणि पेटी शेवटी चढवायची म्हणजे आधी उतरेल.

गाडी आलीय. या दौऱ्याला स्वतंत्र बस नाही. इंग्लंडच्या न्यूकॅसलचा रेव्हन हा बँड आणि मेटालिका, दोघंही एकाच गाडीत, बरोबर पाच मदतनीस आणि आवाज सांभाळणारा मार्क व्हिटेकर. रेव्हनच्या तबकडीचं नाव 'ऑल फॉर वन', म्हणून दोन्ही नावं जोडून दौऱ्याचं नाव 'किल एम ऑल फॉर वन'. रेव्हनचे लोक आपल्या संगीताला अ‍ॅथलेटिक रॉक म्हणतात आणि खेळाडूंची संरक्षक साधनं अंगावर चढवून मंचावर धुमाकूळ घालतात. त्यांचा ड्रमर रॉब हंटर. टोपणनाव 'वॅको', आणि वाजवणं त्याला शोभेल असं. हा माणूस पुढं ध्वनिमुद्रणाकडे वळला आणि जॅझमधल्या ब्रॅनफर्ड मार्सालिससारख्या कलावंताचा ध्वनिमुद्रक झाला. लार्सला रोज रात्री आपल्यानंतर असा ड्रमर ऐकावा लागणार आहे. यापेक्षा चांगली शाळा त्याला पैसे देऊन मिळाली नसती.

क्लिफ बर्टन मागच्या बाजूला बसलाय. तुम्हाला माहीत आहे की तीन वर्षांनी, 27 सप्टेंबर 1986 ला, स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटून तो जाणार आहे, चोवीस वर्षांचा असताना. इथं तुम्ही ते कुणाला सांगू शकत नाही. त्याच्या शेजारची जागा रिकामी असेल तर बसा.

बुधवार, 27 जुलै. रॉयल मॅनर. दुपारी सामान उतरवायचं, तेव्हा हॉल रिकामा असतो आणि आदल्या रात्रीच्या बिअरचा आंबूस वास जमिनीतून येत असतो. ड्रम सगळ्यांत आधी लागतात, कारण त्यांना सगळ्यांत जास्त वेळ आणि जास्त माइक लागतात. आवाजाची तपासणीही ड्रमपासून. आधी नुसता उजवा बास ड्रम. धड. धड. धड. मग डावा. मग स्नेअर. मग एकेक टॉम. हे इतका वेळ चालतं की बाहेरच्या माणसाला वेड लागेल. लार्स निमूट मारत राहतो. गाणी रात्री, आत्ता नुसते ठोके.

संध्याकाळी दारं उघडतात. तुम्ही मंचाच्या कडेला, ड्रमच्या मागं उभे राहा. तुमच्या हातात टॉवेल, खिशात चावी, बगलेत काठ्या. इथून प्रेक्षक दिसत नाहीत, दिसतात त्या ड्रमरच्या पाठीच्या शिरा. दिवे लागतात आणि पहिल्या ठोक्याबरोबर जमीन तुमच्या तळपायातून वर येते. ड्रमरच्या कानाशी असलेल्या स्पीकरमधून गिटार पुरती ऐकू येत नाही. सिंबलचा गदारोळ तिला खाऊन टाकतो. म्हणून लार्स मान वर काढून हेटफील्डचा उजवा हात शोधतोय. तो हात दिसला की ठोका बसतो, केसांआड गेला की क्षणभर अंदाज. लय वाढत चाललीय. तबकडीवर आहे त्यापेक्षा कितीतरी जलद. पहिल्या रात्रीची घाई आहे ती, ती दौराभर राहील आणि मला ती आवडते. उतावीळपणा वाद्यात उतरला की असं होतं.

तुमच्या कानात बोळे आहेत, त्याच्या नाहीत. 1983 साली फारसं कुणी घालत नाही. याच आवाजानं पुढं त्याच्या कानात कायमची शीळ घर करणार आहे. तो ते जाहीरपणे सांगेल आणि तरुण वादकांना कान जपायला सांगेल, पण तेव्हा त्याच्या स्वतःच्या कानांचं नुकसान होऊन गेलेलं असेल.

शेवटचं गाणं संपतं. ड्रमरला मंचाच्या पुढं येऊन उभं राहायला वेळ नाही. रेव्हनचे ड्रम लागायचेत, तुमचे हलवा. सिंबल आधी काढा, ते गरम नसतात पण बोट कापतं. मग टॉम, मग स्नेअर, शेवटी बास. चिकटपट्टीची खूण उचकटू देऊ नका. लार्सचे हात थरथरतायत, त्याला नटसुद्धा धरवत नाही, तरी तो धरतो. त्याचं तोंड मात्र थकलेलं नाही. उद्या कुठं, किती वाजता, तिथं कोण भेटणार, हे तो आत्ताच विचारतोय.

सगळ्याच रात्री अशा नसतात. न्यूयॉर्क राज्यात बॅबिलॉन नावाचं गाव आहे, तिथल्या चीअर्स क्लबमध्ये जेमतेम पन्नास माणसं. पन्नास माणसांसमोरही दोन्ही बास ड्रम तेवढेच जड असतात आणि 'व्हिपलॅश'ची लय तेवढीच लागते. तुम्ही 30 ऑक्टोबर 2011 च्या बंगळुरूतले असाल, पॅलेस ग्राउंड्सवर हजारोंच्या गर्दीत उभं राहून हाच ड्रमर ऐकला असेल, पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली पोरं शेजारी असतील, तर बॅबिलॉनची ही रात्र नीट बघून घ्या. तो सत्तेचाळीस वर्षांचा बंगळुरूतला ड्रमर इथं, या रिकाम्या खुर्च्यांसमोर तयार होतोय.

गाडी पश्चिमेला निघते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत दौरा संपतो. तबकडीवर श्रीमंती आलेली नाही. पुढच्या जानेवारीत बॉस्टनमध्ये त्यांचं बरंचसं सामान चोरीला जाईल. फेब्रुवारीत ते व्हेनम या बँडबरोबर युरोपचा दौरा सुरू करतील, हॉलंडमध्ये झ्वोलेला सात हजार माणसांसमोर उभे राहतील आणि तिथून लार्सच्या जुन्या गावी, कोपनहेगनला, दुसऱ्या तबकडीसाठी जातील. तिथं फ्लेमिंग रासमुसेन हा ध्वनिमुद्रक त्याला विचारेल की तुझं सगळं मात्रेच्या आधीच्या उचललेल्या ठोक्यावर सुरू होतं का, आणि लार्सला तो प्रश्नच कळणार नाही. दौरे करून आलेल्या, तबकडी निघालेल्या ड्रमरला तालाचा पाया पुन्हा शिकावा लागेल. तो शिकेल. पैसे नसल्यामुळे दिवसा स्टुडिओतच झोपेल आणि रात्री वाजवेल. लार्सवर हसणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याला येत नाही हे कळल्यावर तो पळाला नाही.

1981 पासून या बँडमधली दोनच माणसं बदललेली नाहीत, हेटफील्ड आणि लार्स. एकदाच, 2004 च्या जूनमध्ये, इंग्लंडमधल्या डोनिंग्टनच्या डाउनलोड महोत्सवाआधी लार्स आजारी पडून रुग्णालयात गेला. त्याच्याशिवाय कार्यक्रम झाला आणि त्याच्या जागी आळीपाळीनं तिघं बसले. एक स्लेअरचा डेव्ह लोम्बार्डो. दुसरा स्लिपनॉट बँडचा जोई जॉर्डिसन. तिसरा फ्लेमिंग लार्सन, लार्सचे ड्रम रोज रात्री लावणारा माणूस. त्यानं 'फेड टू ब्लॅक' वाजवलं.